भोंग्यातला दानियल
विसरवाडीच्या बाजारात दानियलचा बाप डबडं बडवून दवंडी द्यायचा. दानियलने जीपवर भोंगा चढवला. आता तर आवाज एकदा मोबाईलमध्ये भरला की झालं, गाडी आपली गावोगाव बोंबलत फिरते. धंदा बदलला, पण घरातला नेम बदलला नाही: बोलायचं ते आपल्या मावची बोलीत. लसीकरणाची तारीख असो की चर्चची सभा, दानियलचा आवाज आला की डोंगरातली माणसं हातातलं काम टाकून ऐकायची.

हाच आवाज जडीबुटीच्या पुड्या विकणाऱ्या एका पुडीवाल्याला हवा होता. आठ पुड्यांत रक्तातला सिकलसेलचा आजार मुळासकट जातो, दवाखान्याच्या गोळ्या बंद करा, असं म्हणायचं होतं. दानियलला पटलं होतं का? छे! पण आपल्या बापाचं काय जातं, कागदावरचं वाचायचं, असं म्हणून वाचलं मेल्याने.

मग कळलं, डोंगरातल्या पाड्यावरच्या सोमीबाईची नात रविना दवाखान्यात आहे. अंग इतकं दुखत होतं की पोरीला चादरसुद्धा सोसवेना. म्हातारीने दीड महिना गोळ्या दिल्याच नव्हत्या. तीन दिवस दानियलने तोंड लपवलं. चौथ्या दिवशी रविना घरी आल्याचं ऐकलं, तसा गेला आणि दारातच बसला. आत जायची लाज वाटत होती.

पुडी खोटी आहे, गोळ्या बंद करू नको, मी पैशासाठी बोललो, असं सगळं त्याने खाली बघत सांगून टाकलं. सोमीबाईने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नातीच्या पायाला तेल चोळत राहिली. डॉक्टरची मराठी तिला निम्मी कळत नाही. दानियल बोलला म्हणजे लसीसारखंच सरकारी असणार, असं तिने धरलं होतं.

"हे गाडीवरून सांगितलंस?" तिने विचारलं.

"नाही काकी. आधी तुला सांगायला आलो."

"खोटं साऱ्या डोंगराला ओरडून सांगितलंस," सोमीबाई म्हणाली, "आणि खरं माझ्या एकटीच्या कानात?"

दानियलची रेकॉर्ड त्या घडीलाही पुडीवाल्याच्या गाडीवरून पलीकडच्या पाड्यांत वाजत होती. तो उठला आणि जीप पाड्याच्या मधोमध आणून उभी केली. माइक हातात घेतला आणि मावचीत सगळ्यांना हाक दिली. घराघरांतून माणसं बाहेर आली. दानियल आहे, म्हणजे काहीतरी आपल्या कामाचंच सांगणार, म्हणून गुमान उभी राहिली.