हंसाबाईची विहीर

कडी वाजली. हळूच, एकदाच. दुपारच्या निजलेल्या घरात तेवढीही मोठी वाटली. पाळण्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्यात होती, श्रावण नुकताच झोपला होता, आणि पुस्तकाची चारच पानं उरली होती.

"शीलावहिनी, आहे का घरी?"

निशिगंधा. पुस्तक मागायला येते, असं सकाळी नळावर म्हणालीच होती. तिला ते कोणत्या तोंडानं द्यावं, हे मला अजून सुचलं नव्हतं. मी ते पदराखाली सरकवलं.

त्याचं असं झालं. कापसाच्या वेचणीला आम्ही बाया ओळीनं लागतो. प्रत्येकीच्या वाट्याची ओळ म्हणजे तिची पात. हंसाबाई कायम मधल्या पातीवर, सगळ्यांना तिचं ऐकू यावं म्हणून. पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली, आणि आता दिग्रसच्या वाचनालयातून पुस्तकं आणते. खून, भुयारं, उडते घोडे, तिला सगळं चालतं. वेचता वेचता ती पुस्तक सांगते, आणि पातीच्या टोकाला बरोबर तिथं थांबते, जिथं दार नुकतं किलकिलं झालेलं असतं.

"मंग?" कोणीतरी ओरडतं.

"वाचा, मंग समजन!"

फार अडून बसलं तर पुढचं सांगते, पण पुढची पात लागल्यावरच. यंदा बोंडं लाल्या रोगानं गेली, भाव पडला, तरी आमचे हात भराभर चालले ते तिच्यापायी. पाच जणींनी वाचनालयात नावं घातली. त्यातली एक मी.

या हंगामात तिनं विहिरीचं पुस्तक सांगितलं. एक माणूस बाजाराला जातो, तो परतच येत नाही. विहिरीच्या सातव्या पायरीखाली दार असतं. तिथून तो अशा राज्यात पोचतो, जिथं लोक आपल्या सावल्या विकतात. शेवटी स्वतःची सावली सोडवून तो घरी येतो.

शेजारच्या पातीवर निशिगंधा असायची. तिचा नवरा प्रफुल्ल, लहानग्या रजतचा बाप, गेल्या वर्षी कापूस घेऊन दिग्रसला गेला. गाडी-बैल दुसऱ्यानं आणून दिले. तो आलाच नाही. "मंग? मंग?" असं सगळ्यात जास्त तीच विचारायची.

मी ते पुस्तक आणलं. पानं उलटत गेले, पण राज्य येईना, सावल्या येईनात. दोनशे बाराव्या पानावर तो माणूस विहिरीत सापडला. मेलेला. पण पुस्तक असं, की त्याला कोणी मारलं या नादात माझी भाकर करपली.

काल शेतात मी हंसाबाईला गाठलं. दीपा, माझी पाच वर्षांची, सोबत होती.

"तुम्ही तर भलतंच सांगतलं!"

"अवं, पुस्तकात थो मेलाच आहे. मी कायले अजून मारू?" ओटीतला कापूस दाबत ती म्हणाली. "बाजूच्या पातीले निशिगंधा. माह्या तोंडातून निघनाच. मंग त्या निळ्या जाड्या पुस्तकातलं राज्य आणून जोडलं. दोन्ही झकास आहेत. दोन्ही वाच. निळं माह्या घरीच आहे, घेऊन जा."

"आन् तिनं पुस्तक मागतलं तं?"

हंसाबाई भर पातीत थांबली. असं तिला थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आता निशिगंधा माझ्या उंबऱ्यावर बसली होती.

"पुस्तक द्या नं वहिनी."

"कोणतं?" माझा हात पदरावर.

"निळं. सावल्यावालं. तुमी आणलं म्हणे."

"आन् विहिरीचं?"

"थे कवाचंच वाचलं मी. लग्नाच्या आधी, यवतमाळले होस्टेलवर होती तवा."

मी पाहतच राहिले. "मंग पातीवर मंग-मंग कायले करत होती, बाई?"

"धाक वाटे. आता टाकते हंसाबाई थ्याले विहिरीत, आता टाकते." ती हसली. डोळे मात्र भरले होते. "नाही टाकलं तिनं. एकाही पातीवर नाही. किती जपून सांगे, माय! तिले सांगू नका हं मले माहीत होतं म्हणून."

निळं पुस्तक छातीशी धरून ती गेली. पाळणा थांबला होता. कोपऱ्यात खेळता खेळता सगळं ऐकत बसलेली दीपा चिंचोके टाकून माझ्याजवळ आली आणि पदराखालचं पुस्तक तिनं ओढून काढलं.

"आई," ती म्हणाली, "रजतचे बाबा कोणत्या पुस्तकातले? निळ्यातले, का ह्यातले?"