दुसरी नजर

नदी सकाळचं धुकं पांघरून बसली होती. पाण्यात रोवलेल्या मापपट्टीचे आकडे एकेक करून उमलत होते, जणू खालून कुणी हळूच वर सोडतंय.

तेवीस वर्षं तो हेच करत आलेला. घाट उतरायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. त्याचा स्वतःचा नियम एकच: पाणी चढतं दिसलं, तर दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय लिहायचं नाही. एकटा डोळा भीतीने जास्त वाचतो, नाहीतर मायेने कमी. ती दुसरी नजर बायकोची.

आज खिशातल्या रक्ततपासणीच्या कागदावर वेगळाच आकडा होता. कर्करोगामुळे प्रोस्टेट काढली, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून रक्तातला पीएसए, म्हणजे रोग परततोय का ते सांगणारा आकडा, शून्याच्या काठाशी निजलेला. गेल्या वर्षी शून्य पूर्णांक एक झाला, मग शून्य पूर्णांक दोन, परवा शून्य पूर्णांक चार.

"घाबरू नका, पण बसूनही राहू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "स्कॅन करू. येताना घरचं कुणी आणा."

घरी त्याने सांगितलं, सगळं ठीक. मागच्या खेपेला, ऑपरेशननंतर, बायको वर्षभर गायली नव्हती. मग कुठे हळूहळू गळा मोकळा झालेला. पायऱ्यांवरून धुक्यातून तोच उतरत होता:

पाणी चढे बोटभर
माझा जीव हातभर

"अहो, किती?"

"चढलंय वाटतं. बघ बाई."

ती वाकली. "बोटभरच. लिहा."

त्याने लिहिलं, तिने शेजारी सही केली. वही मिटताना त्याचा हात खिशाकडे गेला. दोन दिवस तो कागद त्याने एकट्यानेच वाचला होता. कधी चाराचे चाळीस दिसत, कधी काहीच नाही.

"हेही वाच. मला एकट्याला धड वाचता येत नाहीये."

तिने वाचलं. पाणी पायरीला लागून परत गेलं.

"परवाचा आहे हा."

"हो."

"नियम कुणी केला होता हो?"

"मीच."

"शहाणेच आहात! स्कॅन कधी?"

"तारीख नाही घेतली अजून."

"आज घेऊ. मी येतेय."

तिने त्याच्याकडून पेन घेतलं आणि सवयीने कागदाच्या कोपऱ्यातही सही ठोकली. मग पायऱ्या चढू लागली. तो कान देऊन उभा. एक पायरी गप्प, दुसरी गप्प. तिसरीवर तिने खाकरून घसा साफ केला.