मुद्देमाल म्हणून एक झाड

वनखात्याच्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष असा, की ‘या जंगलात धनेश पक्ष्याचे केवळ नर आढळले; सबब येथे वीण होत नाही व रस्त्यासाठी जुनी झाडे तोडण्यास हरकत नाही.’

चूक एवढीच, की निष्कर्ष ऐन विणीच्या हंगामात काढला गेला. त्या काळात धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, आतून ढोलीचे तोंड लिंपून घेते, उडण्याची पिसे गाळते आणि उरलेल्या फटीतून नराने भरवलेल्या फळांवर जगते. नराने एकट्याने हिंडणे हाच संसार मांडल्याचा पुरावा. सर्वेक्षकांनी तो निष्ठेने गोळा केला आणि तितक्याच निष्ठेने उलटा वाचला.

या जंगलाच्या अभ्यासात उभी हयात घालवलेल्या माझ्या आत्याने हे खात्याला कळवले. उत्तरादाखल, मादी बसलेल्या अशाच एका ढोलीच्या झाडावर तोडणीची लाल खूण आली. एके सकाळी ती खरवडलेली आढळली. खुणेविना झाड पाडता येत नाही, म्हणून ठेकेदार करवती घेऊन आल्या वाटेने परतला आणि आत्याला चौकशीला बोलावणे आले. सोबत मी गेलो.

“बाई, मादी कुणाला दिसलीच नाही हो,” चौकशी अधिकारी म्हणाले.

“साहेब, तुमच्या घरी बाळंतीण आत निजलेली असताना शिरगणतीचा माणूस आला आणि दारात एकटे तुम्हीच दिसलात, तर त्याने तुम्हाला ब्रह्मचारी लिहायचं का?”

कोपऱ्यातल्या कारकुनाला खोकल्याची उबळ आली. ती खोकल्याची नव्हती.

अधिकाऱ्यांनी आवाज मऊ केला. “कुणा गुराख्यानं खरवडलं असेल, असं म्हणा. इथंच मिटवू, उद्या नवी खूण करू. उगाच कबूल केलंत तर जंगलात शिरायचा परवाना कायमचा जाईल, खटला उभा राहील, आणि निकाल लागेपर्यंत ते झाड मुद्देमाल म्हणून आम्हाला राखत बसावं लागेल. तुमच्याही डोक्याला ताप, आमच्याही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही तरी समजवा आत्यांना.”

“तिला समजलंय,” मी म्हणालो. “तुम्हीच तर आत्ता समजावलंत.”

आत्याने परवाना पिशवीतून काढला, क्षणभर हातात धरला, टेबलावर ठेवला आणि कारकुनाकडे वळली.

“लिहा. झाडावरची लाल खूण मीच खरवडली. पुऱ्या शुद्धीवर, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे. खटला अवश्य चालवा, आणि घाई मुळीच करू नका. पिल्लांना अजून पंख फुटायचेत.”