घोड्याच्या घरातलं प्यादं

"सर, प्याद्याचा घोडा केला तर चालतो का?"

प्रश्न मनस्वीनं विचारला, पण पैज तिच्या मैत्रिणींची, भाविका आणि कोमलची होती. शनिवारच्या बुद्धिबळाच्या क्लासमध्ये, भर तीस मुलांत, चारुदत्त सरांना हे विचारून दाखवायचं. दाखवलं तर दोन प्लेट शेवपुरी. मनस्वीनं दाखवलं, आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

हसण्यामागे जुना किस्सा होता. पाचवीत असताना, आयुष्यातल्या पहिल्याच स्पर्धेत, मनस्वीनं एक प्यादं शेवटच्या घरापर्यंत नेलं आणि मोठ्या दिमाखात तिथे घोडा ठेवला. वजीर का नाही घेतलास, असं पंचांनी विचारलं तर म्हणाली, "हे घोड्याचं घर आहे ना?" सुकापूरला काशीरामआजोबांनी तिला तसंच शिकवलं होतं. देवळासमोरच्या कट्ट्यावर बसणारे म्हातारे अजूनही जुन्या नियमानं खेळतात. प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. तो डाव ती हरली आणि क्लासमध्ये तिचं नाव पडलं 'घोडेवाली'. आता ती नववीत होती, पण नाव काही सुटलं नव्हतं.

सर मात्र हसले नाहीत. "चालतो की. वजीर, हत्ती, उंट, घोडा, काहीही घे. फक्त तेच का घेतलंस, ते सांगता आलं पाहिजे." मग मागच्या बाकांकडे वळून म्हणाले, "आणि दात काढणाऱ्यांनो, प्यादं पुढे सारण्याआधी समोरच्याच्या मनात काय आहे ते बघता का कधी? आधी शह, मग मारामारी, मग धमकी. या क्रमानं बघायचं. जिंकत आलेले डाव घालवता तुम्ही."

दुसऱ्या दिवशी जिल्हा स्पर्धा होती. पहिल्या दोन मुली राज्य स्पर्धेसाठी नाशिकला जाणार होत्या. आणि नाशिकच्या तारखा नेमक्या चुलतभावाच्या, निकेशदादाच्या हळदीवर येत होत्या. घरात यावर भांडणसुद्धा झालं नव्हतं. पप्पा जेवताजेवता एवढंच म्हणाले होते, "आधी निवड तर होऊ दे! आन झाली तरी हळदीला घरचीच पोर नाय, असं कुठं असतंय?" मम्मीनं पाच बहिणींसाठी एकसारख्या पिवळ्या चनियाचोळ्या शिवायला टाकल्यासुद्धा. आपली निवड होईल हे कुणी धरलेलंच नाही, हे मनस्वीला हळदीपेक्षा जास्त झोंबलं होतं.

शेवटच्या फेरीत समोर खारघरची रेटिंगवाली मुलगी होती. बरोबरी झाली तरी मनस्वी तिसरी येणार होती. जिंकणं भागच होतं.

दोन तासांनी पट जवळजवळ रिकामा झाला. मनस्वीकडे राजा आणि दोन प्यादी. त्यातलं एक घोड्याच्या घरापासून एकच पाऊल लांब. समोरचीकडे राजा, वजीर आणि मनस्वीच्या राजाला कोपऱ्यात कोंडून धरणारं एक चिवट प्यादं. तिनं वजीर पटाच्या कडेला नेला, पाण्याची बाटली उघडली आणि खुर्चीत रेलून बसली.

मनस्वीचा हात प्याद्याकडे निघाला. वजीर! दारातून भाविका आणि कोमल डोळ्यांनी तेच ओरडत होत्या. वजीर कर बाई, वजीर!

हात हवेतच थांबला. आधी समोरचीचा शह बघ. मी वजीर केला, तर तिचा वजीर तिरका खाली येतो, माझ्या राजाशेजारी. राजाला हलायला घर नाही, आणि तिच्या प्याद्याचा जोर असल्यानं वजीर मारताही येत नाही. मात! माझा कोरा करकरीत वजीर पलीकडे नुसता बघत बसणार.

मग माझा शह कुठे आहे?

अडीच घरं. तिनं मनातल्या मनात मोजली, परत मोजली. एकीकडे तिचा राजा. दुसरीकडे, अगं आई गं, तिचा वजीर!

मनस्वीनं प्यादं शेवटच्या घरात सरकवलं, उचललं, बाजूला पडलेला पांढरा घोडा घेतला आणि तिथे ठेवला. हळूच म्हणाली, "शह."

बाटलीचं झाकण टेबलाखाली घरंगळत गेलं. समोरचीनं राजा हलवला, हलवावाच लागला. पुढच्या चालीला घोड्यानं वजीर खाल्ला.

आता घाई नव्हती. बाकीची मोहरी गेली की राजाला लपायचं कारण उरत नाही, हे सरांनी शंभरदा सांगितलेलं. मनस्वीनं राजा कोपऱ्यातून बाहेर काढला, ते चिवट प्यादं मटकावलं आणि आपल्या उरलेल्या प्याद्याच्या पुढे पुढे चालत त्याची वाट मोकळी केली. समोरचीचा राजा आडवा आला की घोडा त्याची घरं तोडायचा. या प्याद्याचा मात्र तिनं वजीरच केला. खारघरच्या मुलीनं हात पुढे केला. "तो घोडा मला दिसलाच नाही गं!"

दुसरा नंबर! बाहेर चारुदत्त सरांनी एकच विचारलं, "घोडाच का?"

"वजीर केला असता तर एका चालीत मी मात, सर. घोड्यानं शह बसला, तिला मात द्यायला वेळच मिळाला नाही."

"आता तुम्ही हसा," सर भाविका-कोमलला म्हणाले. त्या कुठल्या हसताहेत! दोघी शेवपुरीच्या प्लेटा घेऊन नाचत होत्या.

घरी ट्रॉफी आधी काशीरामआजोबांच्या मांडीवर गेली. "आमी काय सांगलं व्हतं? घोड्याच्या घरात घोडाच!"

"नाही हं, आजोबा. घर घोड्याचं होतं म्हणून नाही. मी निवडला म्हणून घोडा."

पप्पा ट्रॉफीवरचं नाव दोनदा वाचून झाल्यावर घसा खाकरून म्हणाले, "मने, भारीच केलंस. पन हळद..."

"पप्पा, मम्मी, ऐका. निकेशदादाला मी येतायेताच फोन केला. हळदीला मी नाही. मी नाशिकला खेळायला चालले आहे. मम्मी, चनियाचोळी माझ्या बॅगेत भर. शेवटची फेरी संपली की थेट लग्नाच्या मांडवात येते."