पत्र्याच्या गोठ्यातली तांबडी

मी तांबडी बोलतेय. अंगाचा रंग तांबूस म्हणून नाव तांबडी, आणि जात शेळीची. एखादा माणूस भ्याला की तुम्ही हसून म्हणता, "त्याची अगदी शेळी झाली!" मला त्याचा राग येत नाही. खरंच आहे ते. पान हललं तरी आमचे कान उभे राहतात. या भित्रेपणानंच आमची जात आजवर तगली. पण एका वर्षी आम्ही एकाच गोष्टीला इतके भ्यालो, की दुसरी पाठीमागून कधी आली ते कळलंच नाही. तेच सांगायचंय.

मी जन्मले तेव्हा आमचा गोठा निराळा होता. लाकडी खांब, वर गवताचं जाड छप्पर आणि माणसाच्या कमरेएवढी कुडाची भिंत. भिंतीवरून वारा सरळ आत यायचा आणि पलीकडून निघून जायचा. माझ्या आईला शिंगं नव्हती, म्हणून सगळे तिला भुंडी म्हणत. आम्ही जुळ्या. मी आणि माझी पांढऱ्या पायांची बहीण. आईच्या कासेला दोघी एकदमच ढुशा द्यायचो आणि आई कंटाळून लाथ झाडायची.

गोठ्याच्या मालकिणीही दोघी बहिणीच. थोरली बोलायला तिखट, पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतली नव्हे. लेंड्या झाडणं, चारा कापणं, वाढलेले खूर साळणं सगळं स्वतःच्या हातानं. धाकटी दूध काढायची. तिची बोटं हलकी, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं चालूच. थोरली तिला म्हणायची, "छोटे, शेळ्यांशी बोलतेस तेवढं माझ्याशी बोललीस तर बरं होईल."

धाकटी म्हणायची, "ताई, शेळ्या बोलणं मधे तोडत नाहीत."

आम्ही मोठ्या झालो, माझं पहिलं वेतही झालं. मग एका पहाटे मोकाट कुत्री आली.

कुडाच्या भिंतीवरून एकामागून एक आत उतरली. आम्ही कोपऱ्यात एकमेकींवर चढलो. कुणाचे खूर कुणाच्या पोटात गेले ते समजत नव्हतं. थोरली काठी घेऊन धावत आली, एकानं तिच्या पोटरीचा लचका तोडला, तरी ती मागे हटली नाही. कुत्री पळाली तेव्हा माझी बहीण भिंतीशी पडली होती. तिचे पांढरे पाय पांढरे राहिले नव्हते.

थोरलीची जखम भरली, पण पाय थोडा लंगडाच राहिला आणि चालताना ती मागे वळून बघायला लागली. शेळी कशी बघते, तसंच. माझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळलं असेल!

तिनं मिस्त्री आणला. "जमिनीपासून छपरापर्यंत पत्रा," ती म्हणाली. "छप्परही पत्र्याचं. फट म्हणून ठेवायची नाही. आणि दाराला अशी कडी लाव, की दार लोटलं की बाहेरून आपोआप पडली पाहिजे. कुणी विसरलं तरी दार उघडं राहता कामा नये."

"ताई, वाऱ्याला तरी वाट ठेव," धाकटी म्हणाली.

"वारा येईल त्याच वाटेनं कुत्रं येईल."

तुम्हाला खोटं वाटेल, पण आम्हाला तो गोठा फार आवडला. पहिल्या रात्री कुत्री बाहेर पत्र्याला नाक लावून हुंगत फिरली आणि आम्ही आत निवांत रवंथ करत बसलो. भुंडी माझ्या मानेवर मान टाकून झोपली. मला वाटलं, संपली एकदाची भीती.

थंडीचे दिवस असेच उबेत गेले. मी गाभण राहिले. मग ऊन चढायला लागलं.

आधी वास आला. मूत जमिनीत मुरायचं, वाफ वर यायची आणि बाहेर जायला वाट नाही. डोळे चुरचुरायचे. नाकातून पाणी गळायचं. माशा तर विचारू नका. शेळीचं शेपूट कसलं, ना माशा हाकलतं ना लाज झाकतं! कुणीतरी खोकायला लागलं की गोठाभर खोकला फिरायचा.

मग पत्रा तापू लागला. सकाळी कोवळं ऊन पडलं की छप्पर टणटण वाजायचं. तो आवाज ऐकला की माझ्या पोटातलं करडू हलायचं. दुपारी पत्र्याला अंग लागलं तर चटका बसे, म्हणून सगळ्या मधोमध उभ्या. बसायची सोय नाही. बसलं की शेजारणीची गरमी आपल्या अंगावर. तोंडं उघडी, जिभा बाहेर, लाळ गळतेय. हौद पत्र्यालगत होता. त्यातलं पाणी असं कढत की तोंड लावून मागे घ्यावं. समोर चारा असून खावासा वाटेना. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, की गोठ्यात कुणीच रवंथ करत नाहीये. शेळ्यांचा गोठा, आणि एकही जबडा हलत नाही. मला कुत्र्यांची वाटली नव्हती एवढी भीती त्या दुपारी वाटली.

"ताई, तांबडीचं दूध पार उतरलं," धाकटी म्हणाली.

"गाभण आहे. आटणारच."

"भुंडी कुठे गाभण आहे? तिच्याही सडांतून पुरती धार येत नाही. हात लाव तिच्या कानाला, बघ कसा तापलाय."

थोरलीनं डॉक्टरांना बोलावलं. शेवटी जीव होताच तिचा आमच्यावर. डॉक्टर आत आले आणि तपासायच्या आधी रुमाल काढून तोंडावर धरला. आमच्या छात्या कशा भात्यासारख्या हलताहेत ते बघत राहिले. मग म्हणाले, "यांना ताप आलेला नाही. यांना तापवलंय. ही भिंत उघडा. गाभण आहेत त्यांची करडं पोटातच रोडावतील. आणि या म्हातारीचा तर भरवसा नाही."

"उघडते," थोरली म्हणाली, पण तिचा हात नकळत पोटरीकडे गेला. "जाळी आणते आधी. जाळी आली की लगेच उघडते."

दुसऱ्या दिवशी धाकटी जाळी आणायला गेली. जाताना म्हणाली, "दुपारी दार तरी उघडं ठेव."

"मी स्वतः दारात बसते. जा तू."

खरोखरच ती दुपारभर काठी घेऊन दारात बसली. मधेच भुंडी गुडघ्यांवर कोसळली. थोरली काठी टाकून आत धावली. तेवढ्यात गरम वाऱ्याची एक झुळूक आली, दार धाडकन लागलं आणि बाहेरची कडी पडली.

तिनं दार ढकललं. मग खांदा लावला. मग तळहातानं पत्रा बडवला आणि चटका बसून हात मागे घेतला. "कुणी आहे का?" ती ओरडली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. आम्ही एरवी माणूस ओरडलं की उधळतो. त्या दिवशी कुणी जागचं हललं नाही.

ओरडून ओरडून तिचा घसा बसला. तिनं डोक्यावरचा रुमाल हौदात बुडवून भुंडीच्या कपाळावर ठेवला. पाणीच गरम, तो काय थंडावा देणार? मग ती भिंतीला टेकायला गेली आणि दचकून सरली. उभी राहिली. मधोमध, आमच्यात. थोड्या वेळानं तिचंही तोंड उघडं पडलं.

दाराखाली मूत वाहून जायला तेवढी एक बोटभर फट ठेवलेली होती. मी गाभण म्हणून सगळ्याजणींनी मला ती जागा दिली होती. थोरली रांगत तिथं आली. "सरक गं जरा," ती म्हणाली. मी सरकले. आम्ही दोघी जमिनीला गाल लावून त्या फटीतून श्वास घेत पडलो. तिचा डोळा माझ्या डोळ्याशी होता आणि त्यात मला जे दिसलं ते कुत्री आली त्या पहाटेही दिसलं नव्हतं. तेव्हा तिच्या हातात काठी तरी होती.

धाकटी परतली तेव्हा तिला दारात काठी पडलेली दिसली. कडी उचलल्याबरोबर थोरली आणि मी एकत्रच बाहेर लोळलो. धाकटीनं तिला सावलीत ओढलं, तोंडावर पाणी मारलं. शुद्ध नीट येते न येते तोच थोरली पुटपुटली, "भुंडी... भुंडीला बाहेर काढ."

दोघींनी मिळून तिला उचलून झाडाखाली आणलं. माठातलं पाणी पायांवर, पोटावर ओतलं. माझ्या आईनं एकदा मान उचलली, वाऱ्याकडे नाक केलं आणि मान खाली ठेवली. मी जवळ जाऊन तिला हुंगलं. मग पुन्हा हुंगलं.

"मिस्त्रीला बोलावू?" धाकटीनं विचारलं.

"नको. पहार आण."

धड उभं राहवत नव्हतं, तरी थोरलीनं पहिला पत्रा स्वतः उचकटला. तो पडला तेव्हा केवढा आवाज झाला! आणि मग आत वारा शिरला.

आता भिंतींच्या जागी जाळी आहे. छपरावर चुना फासलाय, वर वेल चढवलाय, उन्हात ओली पोती टाकतात. पाणी सावलीत असतं. चारा गार वेळेला मिळतो. कुत्री अजूनही येतात. जाळीला नाक लावून माझ्याकडे बघतात आणि माझे पाय कापतात. पण मी रवंथ करते, कापत कापत का होईना.

माझं करडू दिवस भरायच्या आधीच आलं. ओल्या चिंधीएवढं. आधीच्या वेताचं पोर जन्मताच धडपडत उभं राहिलं होतं. याला धाकटीनं कापडात गुंडाळून बोटानं चीक चाटवला. जगलं. पण त्याच्या बरोबरीची उड्या मारतात तेव्हा हे खांबाला टेकून बघतं. माझी कासही पुन्हा पहिल्यासारखी भरली नाही. धाकटी धार काढते आणि काही बोलत नाही. तिचं न बोलणं मला जास्त लागतं.

आज सकाळपासून ओढ्यापलीकडच्या शिवारात हातोडा वाजतोय. तिथं कुणीतरी शेळ्यांचा नवा गोठा बांधतंय. ऊन पडलं की चमकतो, म्हणजे पत्राच असणार. तिकडच्या शेळ्यांचे आवाजही येतात, खुशीत आहेत. थोरली मघाशीच लंगडत तिकडे गेली, त्या लोकांना सांगायला. ऐकतील का तिचं? लोकांना वाटतं, बाई घाबरट आहे.

तुम्ही त्या वाटेनं जाणार असाल तर माझंही एवढं सांगा. शेळीला कुत्रं दिसलं तर ती ओरडेल आणि तुम्ही धावाल. ऊन अंगात शिरलं की ती ओरडत नाही. ती गप्प उभी राहते आणि तुम्हाला वाटतं, किती शहाणी जनावरं! म्हणून म्हणावं, भर दुपारी तुमच्या गोठ्यात जा, दार लावून घ्या आणि आमच्या शेजारी नुसते उभे राहा. जीव घाबरा होईपर्यंत. मग भिंतीचं काय करायचं ते ठरवा.

हातोडा अजून थांबलेला नाही.