फेकायचं पाणी

सोनियाला सकाळपासून घास गोड लागत नव्हता, आणि गंमत म्हणजे भीतीनं नव्हे, आनंदानं! परीक्षेचा दिवस उगवला होता एकदाचा. शेंद्र्याच्या माळावर उभ्या राहिलेल्या त्या डेटा सेंटरमधला गार पाण्याचा एकूण एक पाइप तिनं कागदावर आखला होता, आणि मग उन्हात उभं राहून जोडून घेतला होता. पिशोरच्या शेतकऱ्याची लेक, शहरात क्रांती चौकाजवळ खोली करून राहणारी, आणि हाताखाली वेल्डर-फिटरांची एवढी फौज. असं रोज कुणाच्या नशिबी येतं व्हय?

आता डेटा सेंटर म्हणजे काय, तर रात्रंदिवस चालणाऱ्या कॉम्प्युटरांची कपाटंच कपाटं. मेली तापतात अशी की विचारू नका. त्यांना गार ठेवायचे दोन रस्ते. एक माठाचा: पाणी हवेत उडू द्यायचं की गारवा येतो. विजेला स्वस्त, पण रोज टँकरच्या टँकर पिणार. दुसरा रस्ता सोनियाचा: पाणी पाइपात कोंडायचं, तेच ते फिरवायचं, हॉलमधली उष्णता उचलून गच्चीवरच्या यंत्रांना द्यायची आणि त्यांच्या पंख्यांनी ती बाहेर फेकायची. वीज जास्त लागते, पण एकदा भरलेलं पाणी वर्षानुवर्षं तेच. साल दुष्काळाचं, शहरात आठवड्यातून एकदा नळ, आणि शहर तर चारी बाजूंनी फुगत चाललेलं. सोनियानं भर बैठकीत टेबलावर हात आपटला होता. "आसपासची गावं घागरी घेऊन टँकरमागं पळतात, आणि आपण पाणी हवेत उडवायचं? शोभतं का आपल्याला?"

मालकांनी डोकं खाजवलं आणि अट घातली. भर मे महिन्यात, कॉम्प्युटरांच्या जागी हीटर लावून, दिवस मावळेपर्यंत हॉल गार ठेवून दाखवा. पारा सत्ताविसाच्या वर गेला की तुमची योजना रद्द, आम्ही पाणी उडवणारे मनोरे बसवतो.

तपासायला आले होते हिमांशू सर. शहरातल्या छावणी भागात राहणारे, शब्द तोलून बोलणारे, चेहऱ्यावर माशी हलू न देणारे. त्यांनी हीटर लावायला सांगितले आणि पडद्यावरच्या आकड्यांसमोर खुर्ची टाकून बसले ते बसलेच.

दुपारपर्यंत सगळं कसं झक्कास! बाहेर डांबर पाघळत होतं आणि हॉलमध्ये अंगावर काटा. सोनिया मनातल्या मनात नाचत होती. तिचा सुपरवायझर सुदर्शन तर गच्चीपासून पंपघरापर्यंत नवरदेवाच्या मामासारखा मिरवत होता. वयानं तो मोठा, म्हणून ती त्याला भाऊ म्हणायची आणि तो तिला ताई.

आणि मग पाण्याचा जोर उतरायला लागला.

"सोनिया मॅडम," हिमांशू सर शांतपणे म्हणाले, "पाणी कमी येतंय. पारा तेवीस. चोवीस होतोय."

सोनियानं आकड्यांवर एक नजर टाकली. ती धावली ती थेट पंपघरात. पंप फिरत होता, आवाज मात्र घसा धरल्यासारखा. म्हणजे गाळणी तुंबली! प्रत्येक पंपाच्या तोंडाशी पोलादी जाळी असते, पाइपातली घाण अडवायला. पण पाइप तर धुतले होते, तेही तिच्या डोळ्यांदेखत. मग घाण आली कुठून?

"दुसरा पंप चालू करा, भाऊ! हा बंद! झाकण खोला!"

दुसरा पंप गुरगुरला, आकडे सावरले. पहिल्याचं झाकण उघडलं आणि सोनियानं हात घालून जाळी ओढून काढली. गंज असेल, वाळू असेल असं तिला वाटलं होतं. जाळीवर होता बुळबुळीत, पांढुरका, तपकिरी थर. तिनं तो बोटावर चोळला. असला गाळ तिनं जन्मभर पाहिला होता, पिशोरच्या घरात, हंड्याच्या तळाला!

"भाऊ! पाण्यात तुरटी कुणी फिरवली?"

सुदर्शनचा चेहरा उतरला. त्याच्या घरी माणसं बाजेवर बसून अंघोळ करत, खाली परात. ते पाणी धुण्याला, धुण्याचं उरलेलं म्हशीला. अशा घरातला माणूस तो.

"ताई, पाइप धुतलेलं पाणी फेका म्हणला होतात तुम्ही," तो म्हणाला. "हात धजला नाय. टाकीत साठवलं, तुरटी फिरवली. सकाळी बघतो तर काचंवानी नितळ! मग तेच भरलं पाइपात."

"अरे कर्मा! वरून नितळ, आणि पंपानं तळ ओढला की सगळा गाळ पाइपात!"

रागवायला वेळ कुणाला होता? दुसऱ्या पंपाचाही घसा बसायला लागला होता. मग जी धावपळ उडाली! एक जाळी घासायची, लावायची, तो पंप चालू करायचा, की दुसऱ्याची खोलायची. सोनियानं ओढणी कमरेला खोचली आणि ब्रश स्वतःच हातात घेतला. वरून हिमांशू सरांचा आवाज यायचा, "पंचवीस!" आणि खाली सुदर्शन पान्हा ओढत ओरडायचा, "दमा की सर, येतंय पाणी!" एकदा आवाज आला, "सव्वीस पूर्णांक आठ!" तेव्हा सोनियाच्या तोंडचं पाणी पळालं. पण तिनं व्हॉल्व्ह सोडला, पंप खणखणीत बोलला, आणि पुढच्या वेळी जाळीवरचा थर निम्मा होता. त्यापुढच्या वेळी नखाएवढा. वरून आवाज आला, "उतरतोय!" अहो, पंपघरात असा जल्लोष झाला की बाहेरचा वॉचमन आत पळत आला.

दिवस मावळला. हीटर बंद झाले. हिमांशू सर पहिल्यांदाच पंपघरात उतरले.

"गाळणीत काय होतं?"

गंज म्हणाली असती तर भागलं असतं. नव्या पाइपात गंज निघतोच. तो शब्द तिच्या जिभेवर आलाही. पण तिनं सुदर्शनकडं पाहिलं, आणि खरं ते सांगून टाकलं. तुरटी, टाकी, सगळं.

हिमांशू सरांनी जाळी उचलून पाहिली. मग ओठांचा कोपरा हलला. "आमच्या घरीही फिरते तुरटी. नळ आला की आई पहिली तीच शोधते." त्यांनी पंपाच्या अंगावर हात ठेवला. "दोन्ही पंप कोंडले, तरी हॉल तापला नाही. याहून कडक परीक्षा मला घेताच आली नसती. पास! मनोरे नकोत, मी मालकांना सांगतो. पण या पाण्याचा एक थेंबही आत राहता कामा नये."

त्या पाण्यात तेल होतं, धुण्याचं रसायन होतं. झाडालाही चालणारं नव्हतं. ते सांडपाण्याच्या हौदातच जाणार. सुदर्शननं निचऱ्याच्या व्हॉल्व्हचं चाक धरलं आणि तसाच उभा राहिला. कामावरची सगळी पोरं बघत होती. चाक काही फिरेना.

सोनियानं त्याच्या हातावर हात ठेवला. "भाऊ, एकदाच. चांगलं पाणी एकदा भरलं की परत ही इमारत गावापाशी पाणी मागणार नाय."

"कळतंय, ताई. तुम्ही जरा तिकडं तोंड करा."

"का?"

"मला रडू यायलंय."

"मग रडा की! मी काय हसायलेय व्हय?" ती म्हणाली, आणि दोघांनी मिळून चाक फिरवलं.