असा परिवार आहे

जन्माच्या दाखल्याची खिडकी चार नंबरची आणि मृत्यूच्या दाखल्याची पाच नंबरची. दोन्ही रांगा एकमेकींत मिसळायच्या, मग शिपाई दारातून ओरडायचा, "तुमच्याकडे कोण आलंय की गेलंय?" पहिल्या दिवशी "गेलंय" असं सांगताना आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता सातव्या खेपेला ती नुसती पाच बोटं दाखवून पुढे सरकली.

आत्या खरं तर एकाच भाच्याची आत्या, थोरल्या भावाच्या मुलाची. पण जिन्यावरची सगळी पोरं तिला आत्या म्हणायची, मग त्यांचे आईबापही म्हणायला लागले. लग्न झालं नाही. आधी वडिलांचा दमा होता, मग आईचं मोडलेलं खुब्याचं हाड, मग वहिनी दोन वर्षं अंथरुणाला खिळली. एकाचं करून हात धुवावेत तोवर दुसरं माणूस आडवं व्हायचं. अशात बासष्टावं लागलं, आणि गेल्या महिन्यात भाऊही गेला.

घर नगरपालिकेचं, भाड्याचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भावाच्या नावावर. नियम असा की भाडेकरू गेला, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या सख्ख्या नातेवाइकाला तिथे पुढे राहता येतं. फक्त चाळीस दिवसांच्या आत मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून त्याच पाच नंबरच्या खिडकीवर अर्ज द्यायचा. नाहीतर घर मुलाकडे जातं. मुलाचं, म्हणजे भाच्याचं, स्वतःचं चांगलं ऐसपैस घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. त्याला या दोन खोल्या दुकानाची खोकी ठेवायला हव्या होत्या. खोक्यांना जागा मिळाली की आत्याने कुठे जायचं, हे त्याने सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. उत्तर ऐकायची भीती वाटत होती.

"ही माझ्या वडिलांची सख्खी बहीण" एवढी एक ओळ लिहून त्याने खाली सही केली असती, तर काम पाच मिनिटांचं होतं. पण तो "बघू" म्हणायचा. "बघू" म्हणजे नाही, हे न कळायला आत्या काही दूधखुळी नव्हती.

दाखला हातात आला होता. अडलं होतं ते नात्यापाशी. आत्याचे कागद पत्र्याच्या पेटीत होते. भाऊ गेल्यावर चौथ्या दिवशी भाचेसून मदतीला आली आणि तिने मदत म्हणून आधी ती पेटीच रद्दीवाल्याला रिकामी करून दिली. "मला वाटलं, जुने पेपर आहेत," असं म्हणाली. जन्माच्या नोंदीचं तिच्या वर्षाचं पुस्तक वाळवीने खाल्लं होतं. कार्यालयाने तसं लेखी दिलं, गोल शिक्का मारून. म्हणजे वाळवीचा पुरावा होता, आत्याचा नव्हता.

"आडनाव एकच आहे की आमचं," आत्या म्हणाली.

"या भागात त्या आडनावाची तीस घरं आहेत," खिडकीवरची बाई म्हणाली. बाई वाईट नव्हती. सात खेपांत तिने आत्याला दोनदा आपल्या बाटलीतलं पाणी दिलं होतं. आज मुदतीचा शेवटचा दिवस, हे तिलाही माहीत होतं. ती जरा पुढे वाकली. "एक सुचवू का? घरात आधी कोणी गेलं असेल ना? त्याची निधनवार्ता पेपरात आली असेल?"

"चार आल्या."

"मग झालं तर! पेपरातल्या निधनवार्ता आम्ही कापून, पेपरवाल्यांकडून आलेल्या मजकुराच्या चिठ्ठीसकट वहीत चिकटवून ठेवतो, वर्षवार. त्यात नातं छापलेलं असलं की साहेब मान्य करतात. मागच्याच महिन्यात एकाचं काम झालं तसं. चला, मी काढून देते वह्या."

बाई उत्साहाने उठली. आत्या मात्र तिच्यामागून सावकाश निघाली. त्या चारही निधनवार्ता तिनेच लिहिल्या होत्या.

नोंदींच्या खोलीत एकच टेबल होतं आणि त्याचा एक पाय विटेवर टेकवलेला होता. बाईने चार जाड वह्या आणून ठेवल्या, धूळ फुंकली आणि पानं उलटायला लागली. वडिलांची सापडली. बाईने बोट ठेवून वाचलं, "त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून असा परिवार आहे." आईची सापडली. "मुलगा, सून, नातू असा परिवार आहे." वहिनीची: "पती, मुलगा, सून." भावाची तर अजून पिवळीही पडली नव्हती. "मुलगा, सून, नातू असा परिवार आहे."

बाईने चष्मा कपाळावर ढकलला. "यात तुम्ही कुठेच नाही हो. हे दाखवलं तर उलट तुमच्यावरच उलटेल." मग तिने कात्रणाखालची चिठ्ठी पाहिली. "मजकूर देणाऱ्याची म्हणून ही सही... ही तर अर्जावरचीच आहे. तुमची?"

"माझीच."

"चारही?"

"चारही."

बाई बघतच राहिली. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं तिने पाहिली होती, पण चार वेळा, इतक्या वळणदार अक्षरात, कोणी पाडून घेतला नव्हता.

लोकांना वाटतं, असल्या बायका भारी विनम्र असतात. कसली विनम्र! वडील गेले तेव्हा आत्या एकोणीस वर्षांची होती. अक्षर चांगलं म्हणून कागद तिच्यापुढे सरकवला. सगळ्यांची नाती लिहून झाली आणि शेवटी स्वतःपाशी हात अडला. आपणच आपल्याला कसं लिहायचं? तिला वाटलं, वाचून दाखवू, कोणीतरी म्हणेलच, अगं, तू राहिलीस. तिने वाचलं आणि थांबली. भाऊ म्हणाला, "छान लिहिलंस," आणि कागद घेऊन गेला. आईच्या वेळी ती जरा जास्त वेळ थांबली. वहिनीच्या वेळी तिने मुद्दाम दोनदा वाचलं. भावाच्या वेळी भाचा फोनकडे बघत म्हणाला, "मस्त. पाठवून दे." दर वेळी तिने मनाची समजूत घातली की दुःखात माणसाचं लक्ष कुठे असतं. ही समजूत चाळीस वर्षं तिला पुरली.

"भाच्याला विचारून बघा एकदा," बाई म्हणाली. "चारला खिडकी बंद होते. तोवर सही आली तरी मी घेईन."

सव्वातीन वाजले होते. आत्याने बाकावर बसून फोन लावला. तिने तोंड उघडायच्या आधीच पलीकडून भाचा सुरू झाला.

"आत्या, तुलाच करणार होतो. सासूबाई गेल्या गं सकाळी. इथे सगळं रडारड चाललंय. निधनवार्तेच्या चार ओळी दे ना लिहून, तुझ्यासारखं कोणाला जमत नाही. पेपरवाले चारपर्यंतच घेतात."

त्याच्या मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. भाचेसुनेचा हुंदका आत्याला वेगळा ओळखू आला आणि तिला खरंच वाईट वाटलं. म्हातारी चांगली होती. आजारपणात विचारपूस करायला तीच तेवढी यायची.

"लिहिते," आत्या म्हणाली. "थांब फोनवर."

लिहायला कागद नव्हता. तिने आपला अर्ज पालथा केला आणि मांडीवर धरून लिहिलं. हाताला सवय होती, मजकूर आपोआप उतरला. फक्त शेवटच्या ओळीपाशी ती थबकली. मनात काय आलं कोण जाणे, तिने जावई लिहिला नाही. विसरली नाही, चांगला आठवून गाळला. आजवर तिने दुसऱ्या कोणाला गाळलं नव्हतं.

मग तिने वाचून दाखवलं. "...त्यांच्या पश्चात दोन मुलगे, मुलगी, सुना, पाच नातवंडे असा परिवार आहे." आणि ती थांबली.

तिला एक श्वाससुद्धा पुरा घेता आला नाही.

"आत्या, जावई राहिला की!"

आत्याने कागदावरची शेवटची ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली.

"हॅलो? आत्या? जावई राहिला म्हणतोय मी."

"हो रे. दुःखात राहून जातं."

"असं कसं राहून जाईल? घरातल्या माणसाला धरलं नाही तर लोक काय म्हणतील? घाल ना तेवढं."

मागे कोणीतरी हंबरडा फोडला. इतक्या गोंधळातही त्याला ऐकू आलं होतं, लगेच आलं होतं, आणि रागही आला होता. म्हणजे ऐकू येतं. चाळीस वर्षं येत होतं. आत्याला वाटलं, घर गेलं तरी चालेल, पण ती एक समजूत राहायला हवी होती.

"घालते," ती म्हणाली. "आणि तुझ्या सहीचं काय रे? आज शेवटचा दिवस आहे."

"आत्या, घरात माणूस गेलंय आणि तू आज सहीचं काढतेस?"

तिला क्षणभर खरंच लाज वाटली. नंतर त्या लाजेचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. पण तेव्हा तिने "बरं" म्हटलं, जावई घातला, पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. भाच्याने ते उतरवून घेतलं, "मस्त" म्हणाला आणि फोन ठेवला.

चार वाजता खिडकीवरच्या बाईने नात्याचा रिकामा रकाना पाहिला, आत्याकडे पाहिलं आणि काही न विचारता अर्ज परत केला.

दुसऱ्या दिवशी निधनवार्ता छापून आली. जावई मुलग्यांच्याही आधी होता. महिनाअखेरीला टेम्पो भरून खोकी आली. कुठली खोली कोरडी राहते, हे माहीत असणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती कुठे रचायची ते भाच्याने आत्यालाच विचारलं.